एक फोल्डर, चार कंटेनर

एम्ब्रॉयडरीच्या यंत्राला जी फाइल लागते ती आकाराने अगदी लहान असते. ताजिमा या जपानी कंपनीच्या यंत्रांबरोबर रूढ झालेल्या डीएसटी प्रकारात सुरुवातीला ५१२ बाइटांची माहिती आणि पुढे प्रत्येक टाक्याला फक्त ३ बाइट. म्हणजे ५०,००० टाक्यांचं भरगच्च डिझाइनही दीडशे किलोबाइटांत मावतं. पण साडीवर काय उमटणार, हे ती फाइल ठरवते. सुरतेत तापीच्या उत्तरेला अमरोली, कोसाड, सायण या पट्ट्यात लूम आणि एम्ब्रॉयडरीची खाती, म्हणजे छोटे कारखाने, आहेत. तिथे पंचिंग, म्हणजे डिझाइन टाक्यांत उतरवण्याचं काम, करणाऱ्याने दिवसभर बसून तयार केलेलं डिझाइन बहुतेकदा पेन ड्राइव्हवरून यंत्रापर्यंत जातं. एकाच फुलाच्या पाच आवृत्त्या पाच पेन ड्राइव्हांवर राहतात आणि कोणती शेवटची, हे फक्त पंचिंगवाल्यालाच सांगता येतं.

यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: नेटवर्कवर एक सामाईक फोल्डर. नॅस म्हणून जी डिस्कांची पेटी मिळते ती आणायची, सगळी डिझाइनं तिच्यात ठेवायची आणि सगळ्यांनी तिथूनच उचलायची. इथपर्यंत फारसं काही बिघडत नाही. खरी गुंतागुंत सुरू होते ती त्याच फोल्डरवर माणसांबरोबर प्रोग्रामही काम करू लागले की.

समजा, कोसाडच्या एखाद्या खात्यात एक छोटा लिनक्स संगणक आहे आणि त्यावर चार कंटेनर चालतात. पहिला प्रत्येक नव्या डिझाइनचं छोटं चित्र बनवतो. दुसरा ती चित्रं रिंग रोडच्या मार्केटमधल्या व्यापाऱ्याला मोबाइलवर कॅटलॉग म्हणून दाखवतो. तिसरा कोणत्या यंत्रावर कोणतं डिझाइन चढलं आहे याची नोंद ठेवतो. चौथा रात्री सगळ्याची प्रत काढतो. चौघांनाही हवा असतो तोच एक फोल्डर. हे एका दुपारी जोडून होतं आणि पहिल्या दिवशी व्यवस्थित चालतं. अडचणी नंतर येतात आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचं मूळ एकाच प्रश्नाशी पोचतं: या फोल्डरमध्ये लिहिणार कोण? फोल्डर जोडायचा कसा, हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. लिहिणार कोण, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो.

कंटेनर म्हणजे वेगळा संगणक नव्हे. तो त्याच लिनक्सवर चालणारा साधा प्रोग्राम असतो, फक्त कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला स्वतंत्र जग दाखवतं. फाइलींचं जग वेगळं दाखवण्याची सोय लिनक्समध्ये २००२ साली आली. मेमरी आणि प्रोसेसर किती वापरायचा याला मर्यादा घालण्याचं काम गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि जानेवारी २००८ मध्ये ते मुख्य कर्नेलमध्ये आलं. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर लोकांसमोर ठेवलं आणि या सगळ्या सोयी सामान्य प्रोग्रामरच्या हातात आल्या. कंटेनरने आपल्या जगात लिहिलेलं सगळं एका पातळ थरात साठतं आणि कंटेनर काढून टाकला की तो थरही जातो. टिकवायचं ते बाहेर ठेवावं लागतं. बाहेरचा फोल्डर कंटेनरच्या जगात आणून लावणं, याला व्हॉल्यूम म्हणतात.

नेटवर्कवरचा फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखा वापरण्याची कल्पना याहून बरीच जुनी. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ मध्ये चौघांनी मिळून काढली. याच कंपनीने १९८४ मध्ये हेच काम करणारं एनएफएस आणलं. त्याच्या पहिल्या आवृत्त्यांमागचा विचार मला आजही फार मोलाचा वाटतो: कोणी कोणती फाइल उघडली आहे, हे सर्व्हरने लक्षातच ठेवायचं नाही. प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण. त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी समोरचा संगणक फक्त तीच मागणी पुन्हा करतो आणि काम पुढे सरकतं. वीज जाण्यायेण्याची सवय असलेल्या कोणत्याही गावाला हा विचार लगेच पटेल. पुढे चौथ्या आवृत्तीत कुलुपं, म्हणजे एकाने फाइल धरली की दुसऱ्याने थांबायचं ही सोय, आतच आणली गेली आणि मग सर्व्हरला थोडं लक्षात ठेवणं भाग पडलं. विंडोजच्या बाजूचा फोल्डर एसएमबी या दुसऱ्या पद्धतीने चालतो. पंचिंगची सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोजवर असल्यामुळे आपल्या खात्यात दोन्ही एकदम नांदतात: डिझायनर एसएमबीने लिहितो, कंटेनर एनएफएसने वाचतात, पेटी एकच.

आता जोडणी. एक मार्ग असा, की कंटेनरनेच आतून नॅसशी जोडून घ्यायचं. त्यासाठी तो ज्यावर चालतो त्या यजमान संगणकावर त्याला जवळजवळ मालकासारखे अधिकार द्यावे लागतात. हा मार्ग सोडून द्यावा. दुसरा मार्ग, यजमान लिनक्सवर फोल्डर आधी जोडायचा आणि तिथून कंटेनरना द्यायचा. तिसरा, नॅसचा पत्ता आणि फोल्डरचं नाव डॉकरच्या व्हॉल्यूमलाच सांगून ठेवायचं. मग पहिला कंटेनर सुरू होताना डॉकर स्वतः जोडणी करतं.

दुसरा मार्ग सर्वात जास्त वापरला जातो आणि त्यातच सर्वात वाईट सापळा आहे. वीज गेली आणि आली. छोटा लिनक्स संगणक अर्ध्या मिनिटात उभा राहिला. नॅसला डिस्का फिरवून जागं व्हायला काही मिनिटं लागतात. मधल्या वेळात डॉकरने कंटेनर सुरू केले. ज्या जागी नॅसचा फोल्डर लागायचा ती जागा अजून रिकामीच आहे, पण ती आहे, म्हणून कोणी तक्रार करत नाही. कॅटलॉग रिकामा दिसतो. चित्रं बनवणारा नवी चित्रं स्थानिक डिस्कवर लिहीत बसतो. पुढे नॅस जागा होऊन यजमानावर जोडला गेला, तरी आधीच सुरू झालेल्या कंटेनरला तो दिसत नाही. नेहमीच्या मांडणीत त्याला सुरू होतानाचंच जग दाखवलेलं असतं. यजमानावर पाहिलं तर सगळं जागच्या जागी. कंटेनरच्या आत पाहिलं तर रिकामं. आणि मधल्या वेळात लिहिलेल्या फाइली नॅसच्या फोल्डरखाली झाकल्या गेलेल्या, डिस्कवर असूनही कोणाच्याच नजरेला न पडणाऱ्या.

म्हणून मी तिसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. त्यात नॅस हजर नसेल तर कंटेनर सुरूच होत नाही, चूक लगेच समोर येते आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करता येतो. रिकाम्या जागेवर काम चालू ठेवण्यापेक्षा थांबलेलं काम कधीही बरं. या मार्गाच्या दोन खोडी मात्र माहीत असाव्यात. एकदा तयार झालेल्या व्हॉल्यूममधला नॅसचा पत्ता नंतर मांडणीच्या फाइलीत बदलला, तरी जुना व्हॉल्यूम काढून पुन्हा केल्याशिवाय बदल लागू होत नाही. आणि फोल्डर रिकामा असेल तर डॉकर कंटेनर ज्यापासून तयार होतो त्या मूळ प्रतिमेतल्या फाइली त्यात ओतायला जातं. नॅस त्याला हरकत घेतो आणि पहिलीच सुरुवात फसते. ही ओतणी बंद करण्याचा पर्याय असतो, तो लावावा. कोणताही मार्ग घेतला तरी नॅसच्या फोल्डरमध्ये एक खुणेची फाइल ठेवावी आणि प्रत्येक कंटेनरने सुरू होताना ती दिसते का एवढं पाहावं. नाही दिसली, तर काम सुरू करायचं नाही.

जोडणी झाली की पुढची भिंत परवानग्यांची. एनएफएस त्याच्या नेहमीच्या पद्धतीत नावं पाहत नाही. तिथे फक्त क्रमांक जातात. कंटेनरमधला प्रोग्राम कोणत्या क्रमांकाच्या वापरकर्त्याने चालतो, तेवढंच नॅसला कळतं. आणि हे क्रमांक प्रत्येक प्रतिमेत वेगळे. वेबसाठी राखलेला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ हा वापरकर्ता डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रतिमेत ३३ असतो, अल्पाइनवर आधारलेल्या प्रतिमेत ८२. नाव तेच, पण नॅसच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं. चित्रं बनवणारा कंटेनर एका पायावर उभा आणि कॅटलॉगचा दुसऱ्यावर, तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याला उघडता येत नाही. मग कोणीतरी वैतागून दोघांनाही रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवतं. तिथे नॅस आणखी एक गोष्ट करतो: रूटचा क्रमांक ० आला की तो ६५५३४ या कोणीच नसलेल्या वापरकर्त्यात बदलतो. शेजारच्या संगणकावरच्या रूटने आपल्या फाइलींचा मालक होऊ नये, यासाठीचं हे संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. वैतागाची पुढची पायरी म्हणजे फोल्डर सगळ्यांना सगळ्यासाठी मोकळा करणं. त्या क्षणी ‘लिहिणार कोण’ याचं उत्तर ‘कोणीही’ असं होतं.

सरळ उपाय असा: एक गट ठरवायचा, समजा २०००. चारही कंटेनर त्या गटाचे सदस्य म्हणून चालवायचे. नॅसवरच्या फोल्डरला तोच गट द्यायचा आणि आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्या गटाची होईल अशी खूण फोल्डरवर लावायची. नव्या फाइलींना गटासाठीही लिहिण्याची परवानगी मिळेल, हे कंटेनरच्या बाजूने पाहायचं. हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते पहिल्या दिवशीच करावं लागतं. लाखभर फाइली साठल्यावर मालकी दुरुस्त करत बसणं फार जड जातं.

गट एक असला तरी लिहिण्याचा हक्क सगळ्यांना द्यायचं कारण नाही. फोल्डरचेच तुकडे करावेत. डिझायनर जिथे टाकतो तो एक. तिथे कंटेनरांपैकी कोणीही लिहायचं नाही. चित्रांचा दुसरा, तिथे फक्त चित्रं बनवणारा लिहील. कॅटलॉगला दोन्ही फक्त वाचण्यापुरते द्यायचे. प्रत काढणाऱ्यालाही फक्त वाचायला. डॉकरमध्ये व्हॉल्यूम लावतानाच ‘फक्त वाचन’ असं सांगता येतं आणि मग आतला प्रोग्राम कितीही बिघडला किंवा बाहेरच्या कोणाच्या ताब्यात गेला, तरी त्या मार्गाने फाइल पुसली जात नाही. व्यापाऱ्यांसाठी इंटरनेटकडे उघडा असलेला कंटेनर कॅटलॉगचाच असतो, म्हणून त्याच्याबाबत यात सवलत नको.

आता वेळेचा प्रश्न. नवी फाइल आली की कर्नेलने प्रोग्रामला हाक मारावी, अशी सोय लिनक्समध्ये आहे आणि चित्रं बनवणारा प्रोग्राम साहजिकच तिच्यावर विसंबतो. प्रोग्रामर त्याच लिनक्स संगणकावरून एक फाइल टाकून पाहतो, चित्र लगेच तयार होतं, सगळे खूश होतात. दुसऱ्या दिवशी डिझायनर विंडोजवरून फाइल टाकतो आणि काहीच होत नाही. कारण ती फाइल नॅसवर दुसऱ्याच वाटेने आली. या संगणकाच्या कर्नेलला ती आल्याचं कळलंच नाही, तर ते हाक कुठून मारणार? नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी ठरावीक वेळाने यादी तपासणं हाच भरवशाचा मार्ग आहे.

तपासतानाही धीर हवा. एनएफएस दर वेळी नॅसला विचारत नाही. फाइलचा आकार आणि वेळ ही माहिती ते काही काळ जवळ ठेवतं. लिनक्सवर ही मुदत ठरवून न दिल्यास फाइलसाठी ३ ते ६० सेकंद, फोल्डरसाठी ३० ते ६० सेकंद असते. एकाच यजमानावरचे कंटेनर एकच कर्नेल वापरतात, म्हणून त्यांना एकमेकांचं लिखाण लगेच दिसतं. त्यांतला एक उद्या दुसऱ्या संगणकावर हलवला, की हाच प्रोग्राम मिनिटभर जुनं पाहू लागतो, एकही ओळ न बदलता.

याहून अवघड ती अर्धवट फाइल. डिजिटल प्रिंटसाठीचं सहाशे मेगाबाइटांचं टिफ गिगाबिट तारेवरून जायलाही पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात यादी तपासली गेली, तर अर्धं चित्र हाती येतं. आकार पाहून पूर्ण झाली का ठरवावं म्हटलं, तर विंडोज कॉपी सुरू करतानाच पूर्ण आकार राखून ठेवतं. डीएसटीच्या बाबतीत आतच उत्तर आहे: फाइलच्या शेवटी ‘डिझाइन संपलं’ असं यंत्राला सांगणारी ३ बाइटांची खूण असते. ती जागेवर असेल तरच फाइल घ्यायची. टिफ मात्र पूर्ण उघडून वाचता आलं, तरच पुढे जायचं. नाहीतर पुढच्या फेरीला पुन्हा पाहायचं. आपल्या स्वतःच्या कंटेनरने लिहिताना तर ही अडचण येऊच द्यायला नको. आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहायची आणि शेवटी त्याच फोल्डरमध्ये नाव बदलायचं. नाव बदलणं ही सर्व्हरवर एका झटक्यात होणारी क्रिया आहे. वाचणाऱ्याला जुनी फाइल दिसेल किंवा नवी, मधलं काही दिसणार नाही.

तिसऱ्या कंटेनरबद्दल मी मुद्दाम आतापर्यंत बोललो नाही. यंत्रांच्या नोंदी ठेवणाऱ्याकडे डेटाबेस असतो आणि तो या सामाईक फोल्डरमध्ये ठेवू नये. एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलं आहे, की त्याची वेगवान नोंदवहीची पद्धत नेटवर्कवरच्या फोल्डरवर चालत नाही. तिला सगळे प्रोग्राम एकाच संगणकावर, एकच मेमरी वापरणारे हवे असतात. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची गोष्ट याहून बोधक आहे. ते सुरू होताना आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवतं. दुसरं कोणी त्याच फोल्डरवर सुरू होऊ पाहिलं, तर ते हा क्रमांक वाचतं, तो प्रोसेस जिवंत आहे का पाहतं आणि असेल तर माघार घेतं. साध्या संगणकावर हा पहारा उत्तम. पण कंटेनरमध्ये मुख्य प्रोग्रामचा क्रमांक नेहमीच १. दुसरा कंटेनर फाइलीत १ वाचतो, स्वतःकडे पाहतो, तोही १. तेव्हा ही आपलीच मागे राहिलेली जुनी फाइल, असं समजून पुढे जातो. पहिल्याची मेमरी त्याला दिसत नाही, म्हणून दुसरी तपासणीही निसटते. दोघं एकाच डेटावर लिहू लागतात आणि काही वेळात तो डेटा दोघांच्याही कामाचा राहत नाही. ज्या भिंती कंटेनरला सुरक्षित करतात, त्याच भिंतींनी इथे पहारेकऱ्याचे डोळे झाकले. डेटाबेस एकाच कंटेनरच्या ताब्यात, स्थानिक डिस्कवर ठेवावा. बाकीच्यांनी त्याच्याशी नेटवर्कवरून बोलावं आणि त्याच्या रोजच्या प्रती तेवढ्या नॅसवर जाव्यात.

मोठ्या व्यवस्थांतही हा गैरसमज सुटलेला नाही. अनेक संगणकांवर कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये ‘एकदाच वाचन-लेखन’ अशा अर्थाचा व्हॉल्यूमचा एक प्रकार आहे आणि पुष्कळ जण समजतात की त्यामुळे एकाच प्रोग्रामला लिहिता येईल. प्रत्यक्षात तो एका संगणकापुरता असतो. त्या संगणकावरचे दहा प्रोग्राम एकदम लिहू शकतात. एकाच प्रोग्रामपुरता प्रकार नंतर वेगळा आणावा लागला.

नॅसच नाहीसा झाला तर? ठरवून न दिल्यास लिनक्स अखंड वाट पाहतं. प्रोग्राम अडकतो, डॉकरने थांबवायला सांगितलं तरी लगेच थांबेलच असं नाही. जोडणीच्या दुसऱ्या प्रकारात ठरावीक वेळाने चूक परत येते, पण तेव्हा अर्धं लिहिलेलं अर्धंच राहू शकतं. माझं मत स्पष्ट आहे: जो लिहितो त्याने वाट पाहावी, जो फक्त वाचतो त्याला चूक मिळाली तरी चालेल. व्यापाऱ्याला पाच मिनिटं कॅटलॉग दिसला नाही तर चालतं; डिझाइन अर्धं लिहिलेलं चालत नाही.

सुरक्षेबद्दल एवढंच, की एनएफएसची क्रमांकांवर विसंबणारी पद्धत आतल्या नेटवर्कवर विश्वास ठेवून आहे. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला दिलेल्या वायफायवर नॅस दिसू नये. एसएमबीची पहिली आवृत्ती कुठे चालू असेल तर आजच बंद करावी; १२ मे २०१७ ला जगभर पसरलेलं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर तिच्यातल्याच छिद्रातून शिरलं होतं. आणि चौथ्या कंटेनरने काढलेली प्रत त्याच खोलीत, त्याच मजल्यावर ठेवू नये. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतेक भाग बुडाला होता. नॅसमध्ये दोन डिस्का आहेत, म्हणून प्रत आहे, असा हिशोब त्या पाण्यापुढे टिकत नाही.

हे सगळं जोडून झाल्यावर व्यवस्था खात्याच्या हाती देण्याआधी तिला मुद्दाम त्रास द्यावा. काम चालू असताना नॅसची तार काढावी: कॅटलॉगने चूक दाखवायला हवी, चित्रं बनवणाऱ्याने थांबायला हवं, स्थानिक डिस्कवर एकही नवी फाइल दिसायला नको. तार परत लावावी आणि अडकलेलं काम आपोआप पुढे सरकतं का पाहावं. मग नॅस आणि लिनक्स संगणक या दोन्हींची वीज एकदम बंद करून चालू करावी. नॅस उठल्यावरही साधारण दीड मिनिट एनएफएसची चौथी आवृत्ती जुन्या वापरकर्त्यांना आपापली कुलुपं परत घेऊ देते आणि नव्यांना थांबवते. तेवढा वेळ काहीच हलत नाही असं वाटलं तरी घाईने पुन्हा बंद करू नये. शेवटी विंडोजवरून एक मोठं टिफ आणि एक छोटं डीएसटी टाकावं आणि व्यापाऱ्याच्या मोबाइलवर दोन्हींची चित्रं पूर्ण येतात का, हे मार्केटला फोन करून विचारावं.